ड्रॅगनच्या नाकपुडीतलं कुंकू

शेजारच्या आजींना आम्ही पहिल्यांदा चिवडा दिला तेव्हा त्यांनी एक चमचा तोंडात टाकला, नीट चावला, गिळला आणि म्हणाल्या, "हे मला आवडलं नाही." एवढंच. तोंड वाकडं नाही, "छान आहे, पण जरा तिखट" नाही. वाटी परत माझ्या हातात. मी इतका गोंधळलो की त्यांना "थँक यू" म्हणालो.

मी तसा नाही. न आवडलेली भाजी मी दोनदा वाढून घेतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं मत विचारलं की मला तहान लागते. बायको म्हणते, "यांच्या तोंडून खरं काढायचं तर पक्कड लागते." हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात कुणाची लबाडी नव्हती, हावही नव्हती. फक्त एक वाक्य होतं. ते मी वेळेवर बोललो नाही, आणि बोललो नाही म्हणून ते महाग होत गेलं. किती महाग, ते सांगतो.

द हेगमधल्या आमच्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून आहेत. आमची आणि आजींची भिंत एक. आजी हे आमचं घरातलं नाव. तोंडावर मी त्यांना मेफ्राउ म्हणायचो, म्हणजे बाई. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, नावाने हाक मार. पण आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभच उचलेना. त्यांनी जन्मभर शाळेत व्यायाम शिकवला. मी दारात उभा राहिलो की त्यांचं पहिलं वाक्य, "खांदे मागे."

शाळा सुरू होऊन कॅम्पिंगच्या जागा स्वस्त झाल्या की आजी आणि त्यांची धाकटी बहीण गाडीला कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून फ्रान्सला जातात. जाताना घराची किल्ली आमच्याकडे, झाडांना पाणी मी घालायचं. त्या वर्षी गल्लीत घरफोडी झाली होती, म्हणून किल्लीबरोबर त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला.

"यात माझ्या आजोबांचे ड्रॅगन आहेत," त्या म्हणाल्या. "घरात चोरण्यासारखं दुसरं काही नाही. टीव्ही नेला तर नेऊ दे, जुना झालाय."

डब्यात मऊ कापडात गुंडाळलेलं तळहाताएवढं एक पदक होतं. समोरासमोर दोन ड्रॅगन, मधे निळा खडा, वर विटलेली कापडी फीत, सगळीकडे काळपट थर. आजींचे आजोबा नद्यांचे बांध बांधणारे इंजिनियर. तरुणपणी चीनला जाऊन त्यांनी तिथल्या कुठल्याशा नदीचा गाळ उपसला, आणि तिथल्या बादशहाच्या दरबाराने खूश होऊन हे पदक दिलं. आजींनी ते एका ओळखीच्या दुकानदाराला दाखवलं होतं. तो म्हणाला, एखाद्या बऱ्यापैकी जुन्या सायकलीचे पैसे येतील.

"म्हणजे फार जपायला नको," आजी म्हणाल्या. "पण हरवू पण नकोस."

हरवायचा प्रश्नच नव्हता. मी ते देवघराच्या खालच्या खणात ठेवलं. आमच्या घरात त्याहून सुरक्षित जागा नाही. आणि तिथेच चूक झाली.

कारण आजी फ्रान्सला पोचल्या आणि इकडे गणपती आले. गणपतीच्या आदल्या दिवशी देवाची उपकरणी घासायचं काम आमच्या घराण्यात पुरुषांचं. माझे वडील पुण्यात बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. पण त्या दिवशी बनियनवर, मागच्या दारात पाट टाकून, ताम्हण असं घासायचे की त्यात बघून दाढी करावी. पितळेला चिंच, चांदीला रांगोळी. मी परदेशात आलो, बाकी पुष्कळ काही सुटलं, हे सुटलं नाही. रांगोळीची पिशवी दर खेपेला बॅगेत येते. विमानतळावर एकदा त्या पांढऱ्या पुडीवरून मला बाजूला घेतलं होतं, तेव्हाही मी ती सोडली नाही.

तर वर्तमानपत्र पसरून मी बसलो. निरांजन झालं, पंचपात्री झाली, अत्तरदाणी झाली. मग खणातला डबा दिसला. मी पदक काढून बघितलं आणि मला खरोखर वाईट वाटलं. सगळं देवघर झगझगतंय आणि पाहुण्याची वस्तू तेवढी काळी ठिक्कर! लोक काय म्हणतील? शेजारीण बाई विश्वासाने ठेवायला देते आणि यांना साधं घासून ठेवता येत नाही?

चिमूटभर रांगोळी, थेंबभर लिंबू, आणि अंगठा. काळं भराभर निघालं. त्याखाली एक पिवळट थर होता, तो मात्र चिवट. जुना मळ असा पिवळा पडतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं, विचारू नका. मी जोर लावला. खवल्याखवल्यांतून, शेपटीच्या वेटोळ्यांतून मी तो पिवळा मळ काढला. तो पिवळा मळ म्हणजे सोन्याचा मुलामा होता, हे मला आठवडाभराने कळलं. त्या वेळी मात्र दोन्ही ड्रॅगन पांढरेशुभ्र झाले आणि मला वडिलांची आठवण आली. ते खूश झाले असते. फीत मी धुतली नाही. तेवढी अक्कल होती.

इतकं लखलखीत झालेलं डब्यात परत कोंबवेना. मी ते गणपतीच्या मखराशेजारी, समईच्या उजेडात ठेवलं. दर्शनाला येणारा प्रत्येक जण आधी गणपतीकडे बघे आणि मग तिकडे. इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी हातच जोडले.

"अगं बाई, जोडनाग! किती सुबक! कुठून आणलेत? कोल्हापूर?"

"शेजारच्या आजींचे आहेत," बायको म्हणाली.

"डच आजींकडे नाग?" काकू म्हणाल्या. "बघा, कुठे कुठे पोचलेत आपले लोक." आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्यांनी दोन्ही ड्रॅगनना हळद-कुंकू वाहिलं. भरघोस. हात सैल होता काकूंचा.

विसर्जन झालं. पदक पुसून डब्यात ठेवताना सहज वाटलं, हे आहे तरी काय, बघू या. मी मोबाइलवर शोधलं. जुनी पदकं जमवणाऱ्यांच्या एका पानावर पहिलंच वाक्य होतं: जुनं पदक कधीही, कोणत्याही परिस्थितीत, कशानेही घासू नये. 'कशानेही' ठळक अक्षरांत होतं. खाली कारणं होती. काळा थर म्हणजे पदकाचं वय. मुलामा म्हणजे पदकाचा जीव. घासलेलं पदक म्हणजे जमवणाऱ्यांच्या दृष्टीने सोललेला वाघ.

मी बायकोला दाखवलं. तिने पदक उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं.

"शोभलात," ती म्हणाली. "घरातली कढई घासायला सांगितली की तुमचं मनगट दुखतं."

"आता काय करायचं?"

"करायचं काय? आजी आल्या की सांगायचं. जुन्या सायकलीचा तर प्रश्न आहे. नवीन सायकल घेऊन देऊ हवी तर."

मी सांगणारच होतो. वाक्य डचमध्ये पाठ केलं होतं. आजी आल्या, मी डबा घेऊन गेलो. त्या दारातच सांगायला लागल्या की कॅराव्हॅनचं चाक कसं फुटलं आणि बहिणीने जॅक उलटा कसा लावला. मग म्हणाल्या, "इकडे सगळं ठीक?"

"सगळं ठीक," मी म्हणालो.

या दोन शब्दांवर मी पुढची वर्षं काढली.

रोज वाटायचं, आज डबा उघडला जाणार. भिंतीपलीकडे काही पडलं तरी मी उठून बसायचो. पण आजींना डबा उघडायची घाई नव्हती. हिवाळ्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्या गल्लीभर फिरून एकेका वस्तूकडे नव्याने बघत होत्या. मला म्हणाल्या, "तुला एवढे पांढरे केस कधी आले?" मग एके दिवशी कुंपणावरून हाक आली.

"ऐक! आज आजोबांचं पदक काढलं. काय चमकतंय! इतकी वर्षं मला ते काळं दिसत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरने कमाल केली."

मी म्हणालो, "चांगला डॉक्टर आहे."

घरी येऊन बायकोला हे सांगितलं तेव्हा तिने पोळी लाटायची थांबवली. "म्हणजे तुमचं पाप तुम्ही डॉक्टरच्या पुण्यात जमा केलंत? उद्याच्या उद्या जाऊन सांगा."

उद्या गेलो असतो. पण त्याच सुमारास आजींनी पेपरात वाचलं की चीनमध्ये पैसा आलेली माणसं आपला जुना इतिहास परत विकत घेऊ लागली आहेत. युरोपातल्या माळ्यांवर पडलेल्या तलवारी, सरदारांचे अंगरखे, सैनिकांचे बिल्ले आणि पदकं. विशेषतः ड्रॅगनची पदकं. आजींनी माझ्याकडून लिलावाच्या साइट्स कशा बघायच्या ते शिकून घेतलं. हो, मीच शिकवलं. टॅब्लेट त्यांच्या मांडीवर, मी शेजारी, आणि माझं बोट मलाच फासाकडे नेत होतं.

त्यानंतर कुंपणावरून बातम्या यायला लागल्या. आजी आकडे सांगत नसत. त्यांचं माप सायकलीचं.

"ड्रॅगन वाढलेत," त्या म्हणायच्या. "नवी सायकल झाली."

काही महिन्यांनी, "आता बॅटरीची सायकल."

मग ती पुढे पेटी असलेली सायकल, जिच्यात इथले लोक मुलं आणि कुत्री घालून नेतात. ती चांगली महाग असते. मग एकदा त्या नुसत्याच कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सायकली संपल्या. आता मोटारी."

माझी अवस्था बघा. पदक जुन्या सायकलीएवढं होतं तेव्हा "मेफ्राउ, माझ्याकडून एक चूक झाली" हे वाक्य एका बिस्किटाबरोबर खपलं असतं. नव्या सायकलीच्या वेळी धीर गोळा करेपर्यंत ते बॅटरीवर गेलं. बॅटरीच्या भावाने तयारी केली, तोवर पुढे पेटी लागली. मी कबुलीच्या मागे पळत होतो आणि कबुली माझ्यापेक्षा जोरात पळत होती. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लोक शेअर बाजार बघायचे, मी चिनी पदकांचे भाव बघायचो. ते पडावेत म्हणून मी देव पाण्यात घातले होते. चीनमध्ये घरांचे भाव कोसळले अशी बातमी आली त्या दिवशी मी शिरा करायला सांगितला. बायकोने कारण विचारलं. मी सांगितलं. तिने केला नाही.

बोलता येईना म्हणून मी कामं करू लागलो. आजींच्या छपराच्या पन्हळीतली पानं काढली. बर्फ पडलं की माझ्या दाराआधी त्यांच्या दारापुढचं फावडं मारून साफ. वायफाय, प्रिंटर, फुटलेला पाइप, सायकलचं पंक्चर. रविवारी गरम सूप पोचवलं. आजी मैत्रिणींना फोनवर सांगायच्या (भिंत पातळ आहे), "माझा शेजारी? सोनं आहे सोनं." पलीकडे मी उशी कानावर दाबायचो. त्यांच्या घरातलं खरं सोनं मी रांगोळीने उतरवलं होतं.

शेवटी एका वसंतात त्यांनी ठरवलं, विकायचं. बहिणीला घेऊन चीनला जायचं आणि आजोबांनी गाळ उपसलेली ती नदी एकदा बघायची. दोघींचे गुडघे अजून चालतायत तोवर. एका लिलावघराची वेळ घेतली. दुसऱ्या शहरात, ट्रेनने.

"तू माझ्याबरोबर येशील," त्या म्हणाल्या. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

ट्रेनमध्ये डबा त्यांच्या मांडीवर होता. बाहेर पाणी, गायी, काचेची हरितगृहं. त्या म्हणाल्या, "माझी बहीण म्हणत होती, मी येते. मी म्हटलं, नको, तू लिलाववाल्याशी भांडशील. या गल्लीत एकच माणूस आहे ज्याच्याकडे किल्ली दिली की मी नंतर खोल्या तपासत नाही."

मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "गायी छान आहेत."

लिलावघरातला तज्ज्ञ तरुण होता, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. त्याने काळ्या मखमलीवर पदक ठेवलं आणि त्याचा चेहरा हळूच उतरला.

"हे कुणीतरी घासलंय," तो म्हणाला.

"शक्य नाही," आजी ताठ होऊन म्हणाल्या. "आमच्या घराण्यात कुणी कधी काही घासत नाही. विचारा याला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"आजोबांनीच घासलं असेल," तो समजुतीने म्हणाला. "तेव्हा लोक घासायचे. वाईट झालं. मुलामा गेलाय, किंमत बरीच उतरते." त्याने भिंग डोळ्याला लावलं. मग त्याचा आवाज बदलला. "थांबा. हे काय आहे? इथे नाकपुडीत. आणि या खवल्यांच्या मुळाशी. लाल रंग."

"लाल?" आजी पुढे झुकल्या.

"मला वाटतं, हा मूळचा रंग आहे. लाखेचा असावा. असे रंगवलेले फार थोडे नग असतील. मला हे प्रयोगशाळेत पाठवावं लागेल, पण जर खरं निघालं तर..." त्याने खुर्ची पुढे ओढली. "तर घासलेलं असूनही हे तुमच्या अंदाजाच्या वर जाईल. पुष्कळ वर."

आजींनी टेबलाखालून माझा हात दाबला. जन्मभर मुलांना दोरीवर चढवणाऱ्या बाईचा हात. हाडं वाजली.

माझ्या डोळ्यांसमोर सगळा पट उभा राहिला. गप्प बसलो तर मी सुटलो. आजोबांनी घासलं, काकूंनी भाव वाढवला, आजी चीनला निघाल्या. मग तिकडच्या कुणा धनिकाने ते घेतलं, तपासलं, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या लाखेच्या जागी निघाली हळद आणि चुना. आजींच्या नावावर खोटेपणाचा डाग. ज्या बाईला चिवड्याबद्दलसुद्धा खोटं बोलता येत नाही, तिच्या नावावर!

"ते कुंकू आहे," मी म्हणालो. मराठीत म्हणालो. दोघेही माझ्याकडे बघत राहिले.

मग मी डचमध्ये सांगितलं. सगळं. डबा, देवघर, रांगोळी, लिंबू, पिवळा मळ, समईचा उजेड, काकू. इतकी वर्षं पाठ केलेलं वाक्य आठवलं नाही, व्याकरण कोसळलं, पण थांबलो नाही. तज्ज्ञाने मधेच विचारलं, "रांगोळी म्हणजे नक्की काय?" मी म्हणालो, "दगडाची पूड." त्याने डोळे मिटून घेतले. "आणि लिंबू," तो पुटपुटला. "अर्थातच. लिंबू."

"का घासलंस?" आजींनी विचारलं.

"पाहुण्याची वस्तू होती. सणाला काळी ठेवायची लाज वाटली."

"आणि माझे डोळे? डॉक्टर?"

"डॉक्टर चांगला आहे, मेफ्राउ. पण ते चमकणं माझं होतं."

त्यांनी पदक गुंडाळलं, डब्यात ठेवलं, तज्ज्ञाचा हात हातात घेतला, निघाल्या. मी मागे. स्टेशनवर ट्रेन आली तेव्हा त्या फलाटावर पुढे चालत गेल्या आणि नेमका तो डबा निवडला जिथे खिडकीवर 'शांतता' लिहिलेलं असतं आणि कुणी बोलायचं नसतं. समोरासमोर बसलो. मी एकदा "मेफ्राउ, मला..." असं म्हणालो, तर त्यांनी बोटाने काचेवरची पाटी दाखवली. पलीकडच्या बाईनेही दाखवली.

आमच्याकडे असं काही झालं असतं तर एक तर आरडाओरडा झाला असता, नाही तर "जाऊ दे, झालं ते झालं" म्हणून चहा आला असता. दोन्हींची माझी तयारी होती. आजींनी पर्समधून डायरी काढली, पानं उलटली, पेनाने काहीतरी लिहिलं आणि डायरी माझ्यापुढे धरली. गुरुवार, सकाळी दहा. पुढे एक शब्द: पदक.

मी मान हलवली. त्यांनी डायरी मिटली. आमचं भांडण ठरलेल्या वेळी होणार होतं.

घरी बायको म्हणाली, "आज काहीच म्हणाल्या नाहीत?"

"गुरुवारी रागावणार आहेत."

"मग तोवर?"

"तोवर नुसत्याच आहेत."

तोवर भिंतीपलीकडून फोनवर माझं कौतुक ऐकू आलं नाही. इतकी वर्षं ते ऐकून कान झाकायचो. आता ते येत नाही म्हणून भिंतीला कान लावून बसत होतो.

पदकाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. ते विकलं गेलं. वर्णनात स्वच्छ लिहिलं होतं की हे घासलेलं आहे, मुलामा गेलेला आहे, लाल रंग नंतरचा आहे. मोटारीचा भाव मिळाला नाही. पण बाजार तेव्हा इतका तापलेला होता की सोललेल्या वाघालाही गिऱ्हाईक मिळालं. फोनवरून कुणीतरी घेतलं, पेटीवाल्या सायकलीच्या भावात. दोघी बहिणी चीनला गेल्या, आठवडाभर कमी राहिल्या, साध्या हॉटेलात. नदी गढूळ होती म्हणाल्या.

गुरुवारी दहाला मी बेल वाजवली. खांदे मागे घेऊनच गेलो होतो. आजींनी बसायला सांगितलं.

"मी दोन गोष्टी बोलणार आहे," त्या म्हणाल्या. "पहिली पैशांची. मी त्याबद्दल रागावलेय. तू घासलंस म्हणून थोडी, बोलला नाहीस म्हणून जास्त. बहिणीला आता खिडकीजवळची सीट मिळणार नाही आणि ते ती मला रोज ऐकवेल. हे तुला माहीत असावं."

"मी पैसे भरतो."

"नकोत. तू पैसे दिलेस की तुझं ओझं उतरेल आणि माझा राग तिथेच राहील. दुसरी गोष्ट महत्त्वाची." त्या थांबल्या. मी त्यांना पहिल्यांदाच शब्द शोधताना बघत होतो. "इतकी वर्षं तू येतोस. बर्फ काढतोस, सूप आणतोस. मी सगळ्यांना सांगत आले, माझा शेजारी माझा मित्र आहे. आता मला कळत नाही. तो मित्र होता, की पदकाला घाबरलेला माणूस?"

याची तयारी माझी नव्हती. पैशाचा प्रश्न मला चालला असता. मी नेहमीसारखं काहीतरी गोड म्हणणार होतो, तर त्या म्हणाल्या, "एकेक सांग. पन्हळ?"

"भीती," मी म्हणालो.

"बर्फ?"

"भीती. पहिल्या वर्षी तर फारच."

"वायफाय?"

"वायफायच्या वेळी तुम्ही टॅब्लेटवर लिलाव बघत होता. मला ते वायफाय चालू होऊच द्यायचं नव्हतं."

त्यांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, पण त्यांनी आवरला. "पंक्चर?"

"निम्मं निम्मं. मला पंक्चर काढायला आवडतं."

"सूप?"

"सूप बायकोचं. ती तुमच्याकडे मनापासून पाठवते. तिचा यात काही गुन्हा नाही, उलट ती रोज मला टोचत होती."

"आणि हिवाळ्यात माझ्याकडे स्केटिंग बघायला येतोस ते? दर शनिवारी, दुपारभर?"

मी विचार केला. खरंच केला. बर्फाच्या मैदानावर दोन माणसं गोल गोल पळतायत, घड्याळ चाललंय, आणि आजी सोफ्यावरून खेळाडूला ओरडतायत, गुडघा वाकव, गाढवा, गुडघा! माझ्या घरात मला कुणी असं दुपारभर काही न करता बसू देत नाही. तिथे मी पदक विसरायचो. खरं सांगायचं तर आठवड्यातले तेवढेच तास विसरायचो.

"ते माझ्यासाठी," मी म्हणालो. "त्यात भीती नव्हती. त्यात तुम्हीसुद्धा थोड्याच होता. मला ते बघायला आवडतं."

आजींनी माझ्याकडे बघितलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी, नीट.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग यापुढे पन्हळ आणि बर्फ बंद. मी माणूस लावेन. भीती वाटली तर घरी बसायचं, इकडे यायचं नाही. शनिवारी यायचं असेल तर ये." त्या उठल्या. "मी अजून रागावलेय, ते संपलेलं नाही. कॉफी ठेवते."

सवयीने "हो, चालेल" असं माझ्या ओठांवर आलं होतं. आलेलं मी गिळलं.

"मेफ्राउ, कॉफी नको. तुमची कॉफी मला आवडत नाही."

त्या स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू दर वेळी दोन कप घेतोस!"

"दुसरा नको म्हणता येत नाही."

"मग हवंय काय तुला?"

"ताक आहे का? फ्रिजमध्ये तुम्ही ठेवता ते, पुठ्ठ्याच्या डब्यातलं."

"ताक?" त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चिनी पदक घासल्याचं ऐकताना त्यांचा चेहरा इतका बदलला नव्हता. "सकाळी दहाला? ताक दुपारच्या ब्रेडबरोबर पितात. दहा वाजता कोण पितं ताक?"

"आम्ही पितो. कधीही पितो. मीठ घालून."

"मीठ घालून," त्या म्हणाल्या, आणि मान हलवत आत गेल्या. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग कपाट, मग पुन्हा कपाट. मिठाची बरणी शोधत त्या आतूनच मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "एवढी वर्षं! दोन दोन कप!" आणि त्या आवाजात राग होता, पण तो पदकाचा नव्हता.